धूर, ऊन आणि सीरमची बाटली

प्रश्न : रोज दोन तास रहदारीत जातात, म्हणून व्हिटॅमिन सी सीरम घेतलं. दीड महिन्यात त्याचा रंग तांबूस झाला आहे. ते वापरावं का? आणि सीरम लावल्यावर सनस्क्रीन नाही लावलं तर चालेल का?

उत्तर : सनस्क्रीन लावायलाच हवं. सीरम ऊन अडवत नाही. सनस्क्रीनमधून निसटलेली अतिनील किरणं त्वचेत फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) तयार करतात, त्यांना निकामी करण्याचं काम सीरमचं. धुराच्या बाबतीत त्याची गरज जास्त भासते. धुरातल्या सूक्ष्म कणांना चिकटून आलेली हायड्रोकार्बनं त्वचेच्या पेशींत कोलॅजन (त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन) तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, वाढवतात. प्रदूषित हवेतला ओझोन त्वचेच्या वरच्या थरातलं व्हिटॅमिन ई संपवतो. धुरातली काही हायड्रोकार्बनं ऊन पडल्यावर जास्त घातक होतात, म्हणजे भर दुपारची रहदारी दुहेरी त्रासाची.

आता रंगाचं. फिकट पिवळसर असेल तर वापरा, तुमच्यासारखं तांबूस, गडद नारिंगी किंवा तपकिरी झालं असेल तर टाकून द्या. हवा, उजेड आणि उष्णता लागली की एल-अॅस्कॉर्बिक आम्लाचं, म्हणजे सीरममधल्या व्हिटॅमिन सीचं, ऑक्सिडीकरण होतं. मग त्याचा उपयोग राहत नाही. ड्रॉपर दर वेळी उघडताना बाटलीत हवा शिरतेच. त्यामुळे मोठी बाटली स्वस्त पडली तरी घेऊ नका. लहान, गडद काचेची घ्या, झाकण लगेच घट्ट लावा, थंड जागी ठेवा आणि तीन महिन्यांत संपवा.

लेबलवर 10 ते 20 टक्के एल-अॅस्कॉर्बिक आम्ल पाहा. 20 च्या वर फायदा वाढत नाही, चुरचुर मात्र वाढते. सामू (पीएच, आम्लतेचं माप) 3.5 पेक्षा कमी नसेल तर ते त्वचेत नीट शिरत नाही. 15 टक्के व्हिटॅमिन सी, 1 टक्का व्हिटॅमिन ई आणि अर्धा टक्का फेरुलिक आम्ल हे मिश्रण आम्हाला सर्वांत भरवशाचं वाटतं. वनस्पतींत सापडणारं फेरुलिक आम्ल बाकी दोघांना टिकवतं आणि प्रयोगात त्याने उन्हापासूनचं संरक्षण जवळजवळ दुप्पट केलं.

सकाळी चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करा, चार-पाच थेंब चेहऱ्याला आणि मानेला लावा आणि ते मुरू द्या. वर मॉइश्चरायझर, शेवटी सनस्क्रीन : एसपीएफ 30 किंवा जास्त, ब्रॉड स्पेक्ट्रम (यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवणारं), तर्जनी आणि मधलं बोट यांच्या लांबीभर पिळून. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत, आणि मग सनस्क्रीनला दोष देतात. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. सीरम एखाद्या दिवशी राहून गेलं तर काळजी नको; त्वचेत मुरलेलं व्हिटॅमिन सी निम्म्यावर यायला सुमारे चार दिवस लागतात. फार झोंबत असेल तर 4-5 टक्के निआसिनामाइडचं (व्हिटॅमिन बी3 चं) सीरम घ्या, ते सौम्य असतं.

प्रश्न : त्याऐवजी लिंबाचा रस लावला तर?

उत्तर : अजिबात नको. रसाचा सामू 2 ते 2.5 च्या आसपास असतो, त्वचा भाजते. शिवाय लिंबातल्या फ्युरोकुमारिन द्रव्यांवर ऊन पडलं की फोड येतात आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

प्रश्न : टोमॅटो खाल्ल्याने उन्हापासून संरक्षण मिळतं म्हणतात. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही घ्याव्यात का?

उत्तर : टोमॅटोचं म्हणणं खरं आहे, पण मर्यादित. एका अभ्यासात रोज 40 ग्रॅम टोमॅटो पेस्ट 10 ग्रॅम ऑलिव्ह तेलासह दिल्यावर दहा आठवड्यांनी उन्हाची लाली सुमारे 40 टक्के कमी आली. चौथ्या आठवड्यात मात्र फरक नव्हता. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन तेलात विरघळतं, म्हणून शिजवलेला टोमॅटो तेलासोबत खा. सनस्क्रीनला हा पर्याय नाही.

बीटा-कॅरोटीनच्या (गाजरातल्या नारिंगी रंगद्रव्याच्या) गोळ्या मनाने घेऊ नका, आणि धूम्रपान करत असाल तर मुळीच नाही. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिल्यावर फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण 18 टक्क्यांनी वाढलेलं 1994 मध्ये दिसून आलं.