ग्रीन टी घेऊनही काटा हलेना

प्रश्न : वय ४३, वजन ७४ किलो. महाद्वार रोडवर आमचं साड्यांचं दुकान आहे, दिवसभर बैठं काम. तीन महिने सकाळी मध घालून आणि दुपारी जेवल्या जेवल्या ग्रीन टी घेते. काटा हलला नाही. दुकानात गिऱ्हाइकांबरोबर चहा होतो, पण अर्धा-अर्धाच. हिमोग्लोबिन ९.८ आहे. नणंदेनं वजन उतरवणारा चहा पाठवलाय, पाकिटावर सोनामुखी लिहिलंय. सुरू करू का?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : ताई, ते पाकीट उघडू नका. सोनामुखी हे रेचक आहे. पोट ढाळतं, अंगातलं पाणी जातं, काटा किलोभर खाली येतो आणि पाणी प्यायलं की परत वर. चरबी जागेवरच. रोज घेत राहिलं तर पोटॅशियम घटतं आणि थकवा वाढतो. हिमोग्लोबिन कमी असल्यानं तुम्हाला तो आधीच असणार.

ग्रीन टी वाईट नाही. आपल्या चहाच्याच झाडाची पानं, फक्त ती काळी पडू न देता वाळवलेली. त्यातल्या कॅटेचिन या घटकामुळे आणि कॅफीनमुळे शरीर जराशी जास्त ऊर्जा खर्च करतं. पण २०१२ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेनं अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा वजनातली घट नगण्य निघाली. त्यामुळे दोन कप घेऊनही काटा हलला नाही, यात तुमचं काही चुकलेलं नाही.

माझं लक्ष अडकलं ते तुमच्या ‘अर्धा-अर्धाच’वर. माझी आईही हेच म्हणायची. एके दिवशी तिच्या प्रत्येक चहाला जेवढी साखर पडली, तेवढीच मी एका वाटीत काढत गेले. संध्याकाळी वाटीत अकरा चमचे साखर होती. आई बराच वेळ त्या वाटीकडे बघत बसली. अकरा चमचे म्हणजे साधारण १७५ कॅलरी. म्हशीचं दूध वेगळं. पाव लिटर गेलं तरी अडीचशेच्या वर. दोन्ही मिळून दोन ज्वारीच्या भाकरी झाल्या, आणि जेवण तर झालेलंच असतं. तुम्हीही एक दिवस अशी वाटी ठेवा. गुळाचा चहा घेत असाल तर गूळ काढा. आपल्या कोल्हापूरचा असला तरी वजनाच्या हिशेबात तो साखरेसारखाच.

गिऱ्हाइकाला चहा मागवायलाच लागतो, हे मला कळतं. त्यांचा मागवा, स्वतःसाठी घरून गवती चहा आणि आलं उकळून थर्मासमध्ये न्या, बिनसाखरेचा. त्यात कॅफीनही नाही. दुधाचे दोनच चहा ठेवा, सकाळी आणि चारला, अर्ध्या चमच्यावर. खारी-बटर नको.

दुपारचा ग्रीन टी मात्र आजच हलवा. चहातलं टॅनिन, म्हणजे त्याला तुरटपणा देणारा घटक, पालेभाजी-भाकरीतलं लोह अंगी लागू देत नाही. कुठलाही चहा जेवणाआधी आणि नंतर तासभर नको. जेवताना लिंबू पिळा. ९.८ हिमोग्लोबिन नुसत्या आहारानं भरून येणार नाही. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा आणि पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर न लाजता सांगा.