आधी तिचा पत्ता विचार

प्रिय मुली,

प्रबंधाचा आराखडा वाचला. मेहनत दिसते, आणि या पुस्तकांवर तुझा जीव आहे हेही दिसतं. पण पहिल्या प्रकरणात ‘दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेली मुलगी’ हे शब्द पानोपानी येतात. ती मुलगी राहते कुठे, घरात पैसे कोण आणतं, दाराला कडी आतून लागते की बाहेरून, याचा मात्र पत्ता लागत नाही. मेक्सिकन-अमेरिकन कादंबऱ्यांतली मुलगी वाचताना तिच्या ओळखीचा प्रश्न जरा मागे ठेव. आधी ती कुठे उभी आहे ते बघ.

‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ पुन्हा उघड. सँड्रा सिस्नेरोसचं हे पुस्तक १९८४ साली ह्यूस्टनच्या आर्ते पूब्लिको प्रेसने काढलं. छोटे छोटे ४४ तुकडे. पहिल्याच तुकड्यात गोष्ट सांगणारी मुलगी, एस्पेरान्सा, शिकागोतले पत्ते मोजते: मँगो स्ट्रीटच्या आधी लूमिस, त्याआधी कीलर, त्याआधी पॉलिना. लूमिसच्या घराबाहेर ती खेळत असताना शाळेतली नन तिथून जाते, घर कुठलं म्हणून विचारते. मुलगी तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवते. ‘तिथे?’ नन म्हणते, आणि त्या सुरानेच मुलीला आपण कुणीच नाही असं वाटून जातं. वर काय दिसतंय? पोपडे निघालेला रंग, आणि पोरं पडू नयेत म्हणून वडिलांनी खिडक्यांना ठोकलेल्या लाकडी पट्ट्या. हा प्रसंग तुझ्या आराखड्यात नाही. त्याच्याशिवाय तिला स्वतःचं घर का हवंय ते समजणार नाही.

मग त्याच पुस्तकातल्या खिडक्या बघ. एस्पेरान्साला जिचं नाव मिळालं ती पणजी: तिला डोक्यावर पोतं टाकून उचलून नेलं, लग्न लावलं, आणि ती आयुष्यभर खिडकीतून बाहेर बघत राहिली. गल्लीतल्या राफाएलाला नवरा कोंडून ठेवतो. एस्पेरान्साची मैत्रीण सॅली बापाच्या मारातून सुटायला आठवीच्या आतच लग्न करते, आणि मग नवरा तिला खिडकीबाहेरही बघू देत नाही. भाडेकरूला तुच्छ लेखणारा समाज बाहेरचा आहे, पण कड्या लावणारे हात घरचेच आहेत. सिस्नेरोस दोन्ही गोष्टी एकाच गल्लीत ठेवते आणि आपल्या माणसांची लाज राखायला दुसरी गोष्ट दडवत नाही. माझ्या मते या लेखनाचं मोठेपण यातच आहे. एस्पेरान्सा जेवणानंतर पुरुषासारखी उठते, खुर्ची आत सारत नाही, ताट उचलत नाही. तिचं बंड ताटापासून सुरू होतं.

‘स्थलांतरित’ हा शब्दही तू सरसकट वापरलायस. अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने मेक्सिकोचा जवळपास अर्धा प्रदेश अमेरिकेकडे गेला, आणि तिथली माणसं जागची न हलता परक्या देशात जाऊन पडली. रिओ ग्रान्दे नदी सीमा झाली, तिच्या काठचं लारेडो गाव अमेरिकेत आलं. नॉर्मा कांतूचं ‘कानीकुला’ (१९९५) याच लारेडोतल्या मुलीचं बालपण जुन्या फोटोंच्या आधाराने सांगतं. नदीच्या दोन्ही काठांना नातेवाईक असलेल्या घराला ‘आलेले’ म्हणताना जपून.

आता हेलेना मारिया विरामोन्तेसच्या ‘अंडर द फीट ऑफ जीझस’कडे (१९९५) ये. तुझ्या यादीत हे पुस्तक शेवटी आहे, मला ते मधोमध हवंय. एस्त्रेया तेरा वर्षांची. आई आणि भावंडांबरोबर कॅलिफोर्नियाच्या शेतांत, पिकं नेतील तिकडे फिरणारी. अक्षरं तिला उमगत नव्हती, शाळेत लक्ष जायचं ते तिच्या मळक्या नखांकडे. आईचा जोडीदार म्हणून घरात आलेला पेर्फेक्तो तिला आपल्या पेटीतल्या हत्यारांची नावं आणि कामं शिकवतो, आणि तिथून तिला वाचन उलगडतं. विमानाने पिकांवर फवारलेलं विष शेतात काम करणाऱ्या अलेहो या पोराच्या अंगावर पडतं आणि तो आजारी होतो, तेव्हा हीच मुलगी दवाखान्यात पहार घेऊन उभी राहते. कुटुंबाकडे होते नव्हते ते ९ डॉलर ७ सेंट नर्सने घेतलेले असतात, आणि त्याला इस्पितळात न्यायला गाडीत पेट्रोल हवं असतं. ती पैसे परत घेते. तिचं मोठं होणं या प्रसंगात वाच. जन्माचे दाखले आईने येशूच्या मूर्तीखाली जपून ठेवलेत. ही मुलं अमेरिकेतच जन्मलेली, तरी कुणी अडवलं तर ते दाखले कुठे आहेत हे लेकीला पाठ असावं लागतं.

न्यू जर्सीतल्या मराठी मुलीशी तू केलेली तुलना काढून टाक, असं मी म्हणेन. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आपली माणसं तिकडे गेली ती बहुतेक पदव्या घेऊन. तुलना करायचीच असेल तर बीडहून कोयत्यांच्या टोळीबरोबर फडावर जाणाऱ्या, शाळा अर्धी सुटलेल्या मुलीशी कर. तिथेही देशाचा फरक विसरू नकोस.

शेवटच्या प्रकरणात टूसॉन घे. ॲरिझोनाने २०१० साली केलेल्या कायद्यामुळे तिथल्या शाळांमधला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम २०१२ मध्ये बंद पडला, वर्गातून पुस्तकं खोक्यांत भरून नेली. त्याच वर्षी ह्यूस्टनहून लेखक-शिक्षकांचा एक ताफा पुस्तकं घेऊन टूसॉनला गेला, आणि २०१७ मध्ये संघीय न्यायाधीशांनी त्या कारवाईमागे वांशिक आकस होता असा निकाल दिला. हे परिशिष्टात ढकलू नकोस. या मुलींच्या गोष्टी वर्गात वाचल्या जाण्याची कुणाला भीती वाटली, ते तुझ्या वाचकाला कळलं पाहिजे.

पहिलं प्रकरण नव्याने लिही आणि ‘कात्री’ हा शब्द न वापरता लिहून बघ. विरामोन्तेसवरची टिपणं आधी पाठवलीस तरी चालेल, ती वाचायची मला उत्सुकता आहे.

तुझी,
बाई