जुन्या कोल्ट पायथनला पुन्हा पॉलिश करावं का?

अभिनंदन! अमेरिकेत राहून पहिलीच जुनी रिव्हॉल्व्हर घेतलीस, तीही पायथन. पण ती री-ब्ल्यू करायला, म्हणजे पॉलिश करून पोलादावर पुन्हा निळा थर चढवायला टाकण्याआधी थांब.

१९५५ साली आलेल्या या मॉडेलचं खरं मोल त्याच्या निळ्या झळाळीत आहे. ब्ल्यूइंगआधी पोलाद अगदी आरशासारखं घासलेलं असायचं. पुन्हा पॉलिश करताना धातूचा थर जातो. कडा गोलसर होतात, फ्रेमवरची उधळलेल्या घोड्याची कोल्टची खूण पुसट होते, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात. तुझ्या रिव्हॉल्व्हरवर आधी हेच बघ. ही लक्षणं दिसली तर काम आधीच कुणीतरी केलंय. तसं नसेल तर नळीच्या टोकाशी होल्स्टरने झिजलेला निळा रंग तसाच राहू दे, मला तर तो आवडतोच. संग्राहक अस्सल झिजेला नव्या चकाकीपेक्षा जास्त पैसे देतात.

गंज मात्र सोडू नकोस. तेल लावून चार शून्यांच्या (0000) बारीक स्टील वूलने अगदी हलक्या हाताने काढ.

यंत्रणेचं वेगळं. सिलिंडर रिकामा आहे हे दोनदा तपासून घोडा (हॅमर) सावकाश मागे ओढ. घोडा पूर्ण मागे येण्याआधी सिलिंडर जागेवर अडकला पाहिजे. नसेल अडकत, तर जुन्या कोल्टचा हात बसलेल्या गनस्मिथकडेच दे. तिथे खर्च करायला अजिबात कचरू नकोस. आणि कोल्ट कंपनीकडून आर्काइव्ह लेटर, म्हणजे त्यांच्या जुन्या नोंदींवरून दिलेलं पत्र मागव, मूळ फिनिश कोणतं होतं ते कळेल.