वेबसाइटवरचा ‘इतर’ नावाचा कप्पा

पत्र : मी नागपूरच्या महाल भागात राहते. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सुट्ट्यांमध्ये एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे सेकंड कॅमेऱ्याला जाते. स्वतःची वेबसाइट करायला घेतली आणि लग्न, ताडोबा, फुटाळा तलाव, स्ट्रीट, फूड, इतर असे कप्पे करून 140 फोटो टाकले. ते बघून एका सीनियरने विचारलं, ‘यात तू कुठे आहेस?’ तेव्हापासून काम अडलंय. विकतचे प्रीसेट (फोटोचे रंग एका झटक्यात बदलणारी तयार सेटिंग्ज) लावून बघितले, पण समाधान होत नाही. आधी स्टाइल शोधू की आधी वेबसाइट पूर्ण करू? नाव इंग्रजी, स्टुडिओसारखं ठेवू का? बाबांचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे. ते म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे, फोटो सुट्टीत काढ. – स., वय 21, नागपूर

प्रिय स.,

आधी वेबसाइट कर. ती करताना त्यातले बहुतेक फोटो काढून टाक. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर याच कामात आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

तू पाठवलेली लिंक मी सगळी बघितली. ताडोबातली वाघीण छान आली आहे, पण त्या जिप्सीत तुझ्या शेजारी बसलेल्यांकडेही तीच वाघीण त्याच कोनातून असणार. फुटाळ्याच्या सूर्यास्ताबद्दल तर बोलायलाच नको. नागपुरात ज्याच्याकडे फोन आहे त्याच्याकडे तो सूर्यास्त आहे. लग्नाचे फोटो स्वच्छ आहेत, फोकस पक्का आहे, पण ते तुझ्या फोटोग्राफर सरांच्या कामासारखे दिसत असणार, अशी माझी शंका आहे. शिकण्याच्या काळात तसंच होतं, त्यात कमीपणा नाही.

मग मी ‘इतर’ उघडलं. तिथे बाबांच्या दुकानातले नऊ फोटो आहेत आणि त्यांच्याबद्दल पत्रात तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. उन्हाळ्यातली दुपार. शटर अर्धं खाली ओढलेलं, पितळेच्या गंगाळांवर उन्हाची एकच पट्टी. कूलरसमोर गोणपाटावर आडवा झालेला हमाल. गल्लीवर बांधलेल्या हिरव्या जाळीतून येणारा उजेड, आणि त्यामुळे स्टीलच्या डब्यांवर, हिशेबाच्या वहीवर, माणसांच्या बनियनवर पसरलेली हिरवट झाक. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल सांभाळणारं सेटिंग, बदलून ही झाक घालवणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. बाकी सगळ्या फोटोंमध्ये तू रंग नीट करून घेतलेस, इथे मात्र हात लावला नाहीस. का?

तुला कदाचित सांगता येणार नाही, आणि आत्ता सांगता आलंही नाही तरी चालेल. पण मे महिन्यात सिग्नलवर महापालिकेने बांधलेल्या हिरव्या जाळीखाली जो उभा राहिला आहे, त्याला ते फोटो बघताच नागपूरचं ऊन अंगावर येतं. जाळी तुझी नाही, ऊन तर नाहीच. ते तसंच ठेवायचं हे मात्र तू ठरवलंस. अशी ठरवाठरवी पुन्हापुन्हा, बरीचशी नकळत, एकाच बाजूला झुकत गेली की लोक तिला स्टाइल म्हणतात. प्रीसेटमध्ये ही ठरवाठरवी दुसऱ्याने आधीच केलेली असते, त्यामुळे ते लावल्यावर समाधान होत नाही. तुझं बरोबरच आहे.

रघुबीर सिंग (1942–1999) यांचं काम जरूर बघ. गंभीर फोटोग्राफी म्हणजे कृष्णधवल, असं जगभर मानलं जात होतं, त्या काळात या माणसाने रंगाचा हात सोडला नाही. भारत रंगातच दिसतो, ही त्यांची भूमिका होती. पुढे ते रंगीत छायाचित्रणातलं मोठं नाव झाले. दुसरे छायाचित्रकार म्हणजे सुधारक ओलवे. मुंबईच्या सफाई कामगारांवर त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं, 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची ओळख एखाद्या फिल्टरने झालेली नाही, ते एका विषयापाशी टिकून राहिले त्याने झाली आहे. स्टाइल शोधायला निघालेली मुलं बहुधा एडिटिंगच्या स्लायडरशी झटत बसतात, विषयाकडे वळत नाहीत. मला हे सगळ्यात जास्त खटकतं.

आता काम कसं करायचं ते. 140 पैकी जे बरे वाटतात त्यांचे चार बाय सहाचे साधे प्रिंट काढून घे. स्क्रीनवर एक फोटो गेला की दुसरा येतो, फरशीवर मांडले की ते एकमेकांशेजारी बसतात आणि कोणाचं कोणाशी जमत नाही ते लगेच कळतं. कप्प्यांची नावं विसर. ताडोबा, फूड ही विषयांची वर्गवारी झाली, दुकानातल्या फळ्यांसारखी. उजेड कुठून येतोय, माणूस किती लांब आहे, तो कॅमेऱ्याकडे बघतोय की आपल्या कामात आहे, चौकट गच्च भरली आहे की मोकळी, यावरून गट लाव. लग्नाच्या फोटोंमधले दोन-चार गपचूप दुकानाच्या गटात जाऊन बसतील असा माझा अंदाज आहे. भटजींच्या मागे भिंतीला टेकून झोपलेला तो ढोलवाला आहे ना, तो नक्की जाईल. मग हे प्रिंट फोटोग्राफी न करणाऱ्या कोणाला तरी दाखव. आईला दाखव, मैत्रिणीला दाखव. ‘छान आहे का’ असं विचारू नकोस. ‘कोणते एकाच माणसाने काढलेले वाटतात’ असं विचार.

वीस फोटो उरले तरी पुष्कळ. बारा उरले तर उत्तम.

त्यानंतरचे काही महिने एकच लेन्स, एकच जागा. जागा इतवारीच. आंरी कार्तिए-ब्रेसाँसारखा जगप्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार जवळजवळ सगळं काम 50 मिमीच्या लेन्सवर करायचा, तेव्हा किटमध्ये काय नाही याची यादी तूर्तास बाजूला ठेव. दुकानात तुला जे मिळतं ते बाहेरच्या फोटोग्राफरला मिळणार नाही. तू मालकाची मुलगी आहेस, तुझ्यासमोर कोणी पोझ देत नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) मारबत, म्हणजे पीडा घालवण्यासाठी काढलेल्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा नागपुरातले आणि बाहेरचे कितीतरी फोटोग्राफर काळ्या आणि पिवळ्या मारबतीसमोर खांद्याला खांदा लावून उभे असतात. तू त्या गर्दीत शिरू नकोस. दुकानाच्या आतून, भांड्यांच्या मागून ती मिरवणूक कशी दिसते? ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी आत कशी पोहोचते, बाबा गल्ला सोडून ओट्यावर येतात का? तो फोटो तुझ्याशिवाय कोणाला काढता येणार नाही. शिवाय चातुर्मासात लग्नं जवळजवळ नसतात, म्हणजे हाताशी वेळही असतो.

वेबसाइटची तांत्रिक बाजू फार अवघड नाही. फोटो एसआरजीबी (स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या) रंगपद्धतीत, लांब बाजू दोन हजार पिक्सेलच्या आसपास, फाइल काहीशे केबीची. जास्त जड ठेवलीस तर बघणारा थांबणार नाही. ग्राहक साइट मोबाइलवरच बघणार, म्हणून साध्या फोनवर, वायफाय बंद करून तपास. पहिल्या पानावर सरकत जाणारा स्लाइडशो नको. फोटोखाली ठिकाण आणि वर्ष लिही, बास. आणि ‘माझ्याविषयी’मधलं ते ‘मी क्षणांना अमर करते’ काढ गं. महाल भागात राहते, वडिलांचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे, लग्नाची कामं घेते, एवढं पुरेसं आहे.

लग्नाची कामं साइटवर ठेवायची का? ठेव. त्यावरच पैसे मिळणार आहेत. फक्त इतवारीची मालिका आधी, लग्नं नंतर. ती मालिका बघून जी मुलगी तुला फोन करेल, तिला मेहंदीच्या हातांचा ठरावीक क्लोजअप नको असेल.

इथे एक सावधगिरी. सेकंड कॅमेऱ्यावर काढलेले फोटो तू सरांना न विचारता टाकले असशील तर आजच उतरव आणि परवानगी माग. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 17 नुसार, कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर हक्काचा पहिला मालक ते काम सांगणारा असतो. म्हणजे पुढे स्वतःची कामं घेशील तेव्हासुद्धा ‘निवडक फोटो वेबसाइटवर वापरता येतील’ ही ओळ करारात हवी, आणि खाली सही हवी. तोंडी ‘हो हो, टाका ना’ पुढे नणंदेला फोटो आवडला नाही की टिकत नाही.

आता बाबांचं. ते चुकीचं बोलत नाहीत. लग्नाचा धंदा मुहूर्तांवर चालतो आणि मधले महिने कोरडे जातात, हे दुकानदाराला कोणी समजावून सांगायला नको. बी.कॉम. पूर्ण कर. कोटेशन, अॅडव्हान्स, जीएसटी, घसारा हे ज्याला कळतं असा फोटोग्राफर कमी सापडतो आणि तो लवकर बुडत नाही. पदवीनंतर रीतसर शिकायचं असेल तर एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) गांधीनगर केंद्रात फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी त्यांची डॅट (डिझाइन अॅप्टिट्यूड टेस्ट) ही परीक्षा असते. पात्रतेच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघ. तिथल्या मुलाखतीत फोटोंबद्दल विचारतील तेव्हा वाघिणीपेक्षा ‘इतर’मधले नऊ फोटो जास्त उपयोगी पडतील. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा तर भर, पण अभ्यास करणार नसशील तर भरू नकोस. फीही जाते आणि घरात वर्षभर वादाला विषय होतो. त्यापेक्षा बाबांशी मुदत ठरव. पदवीनंतर एक वर्ष, त्यात स्वतः मिळवलेली इतकी कामं, नाहीतर पुढचा विचार. आकडा त्यांनाच सांगायला लाव. व्यापारी माणूस आहेत, ठरलेला आकडा मानतील.

नावाचं विचारलंस. इंग्रजी स्टुडिओछाप नावं शहरात भरपूर आहेत, त्यात आणखी एक कशाला? स्वतःचं नाव आणि आडनाव ठेव. डोमेन वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतं. ते तुझ्याच ईमेलवरून, तुझ्याच नावाने घे. साइट बनवून देणाऱ्या मित्राच्या खात्यावर नको.