केव्हीएचे रुपये करता आले पाहिजेत

प्रश्न : मी वाळपईची. यंदा वाणिज्य शाखेतून बारावी झाले, गणित घेतलं होतं. ऊर्जा व्यवस्थापन या विषयात बीबीए करावं असं मनात आहे. पणजीतल्या एका सल्लागाराने अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं माहितीपत्रक दिलंय, चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बाबांचे दोन ट्रक खाणीवर होते, खाणबंदीत ते विकावे लागले. आता फीसाठी कुळागराचा (सुपारी-नारळाच्या बागेचा) एक तुकडा विकायला ते तयार आहेत. ही पदवी घेऊन गोव्यात काम मिळेल का? मी एनर्जी ऑडिटर होऊ शकेन का?
– एक विद्यार्थिनी, वाळपई

उत्तर : तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर माहितीपत्रकात सापडणार नाही. बीबीए करून तू आपल्या देशात प्रमाणित एनर्जी ऑडिटर, म्हणजे ऊर्जेचा वापर अधिकृतपणे तपासणारी, होऊ शकणार नाहीस. ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा. त्याखाली १ मार्च २००२ रोजी बीईई, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, उभा राहिला. एनर्जी मॅनेजर आणि एनर्जी ऑडिटर या दोन्हींची राष्ट्रीय परीक्षा त्याच्याच नावाने होते. मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला वर आणखी एक. परीक्षेला बसायला अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका लागते, नाहीतर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र अशा विषयातली पदव्युत्तर पदवी, आणि शिवाय कामाचा अनुभव. वाणिज्यवाल्यांना त्या यादीत जागा नाही.

मला हे कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं. मी म्हापशाची, बी.कॉम. १९९८ साली कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या हिशेब विभागात लागले. वीज खात्याचं बिल दर महिन्याला माझ्या टेबलावर यायचं. मी शेवटचा आकडा बघायचे, व्हाउचर करायचे आणि सहीला पाठवायचे. एकदा बिल नेहमीपेक्षा जास्त आलं, म्हणून पहिल्यांदाच सगळे रकाने वाचले. पॉवर फॅक्टरसमोर, म्हणजे ओढलेल्या विजेतला किती भाग खऱ्या कामाला लागतो त्या आकड्यासमोर, लिहिलं होतं ०.८२. आमच्या इलेक्ट्रिशियन काकांना विचारलं तर ते म्हणाले, "बाय, चल दाखवतो," आणि मला पॅनल रूममध्ये घेऊन गेले.

तिथे उभं राहून त्यांनी जे समजावलं ते मी अजून तसंच्या तसं सांगू शकते. कारखान्यातल्या मोटारी खरं काम करायच्या ४१० किलोवॅटचं. पण पॉवर फॅक्टर ०.८२ असल्यामुळे मीटरवर मागणी, म्हणजे एका वेळी ओढलेली जास्तीत जास्त वीज, नोंदली जायची ५०० केव्हीए (कामाला न लागणारा भाग धरून एकूण ओढलेल्या विजेचं माप), आणि त्या मागणीचा आकार लागतो तो केव्हीएवर. कॅपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर ०.९८पर्यंत नेला, तर तेच काम ४१८ केव्हीएत होतं. म्हणजे दर महिन्याला ८२ केव्हीएचे पैसे आम्ही उगाच भरत होतो. काकांनी तीनदा कॅपॅसिटरची मागणी लिहून दिली होती आणि तिन्ही कागदांवर 'सध्या खर्च नको' असा शेरा होता. त्यांनी लिहिलं होतं केव्हीएआरमध्ये, कॅपॅसिटरची क्षमता मोजतात त्या मापात. केबिनमधल्या एकालाही तो शब्द कळत नव्हता.

मी संध्याकाळी बसून एका पानावर हिशेब मांडला. बिलातला केव्हीएचा दर गुणिले ८२, गुणिले १२, आणि शेजारी कॅपॅसिटरचं कोटेशन. तुला अंदाज यावा म्हणून आकडे धरूया. केव्हीएला महिना २५० रुपये धरले तर महिन्याला २०,५०० रुपये वाचतात. यंत्रणेला ३ लाख लागले तर पंधराएक महिन्यांत पैसे सुटतात, आणि पुढची सगळी वर्षं बचतच. माझा कागद एका बैठकीत मंजूर झाला. त्यावर मी काकांचं नाव घातलं नव्हतं, ते मला आजही टोचतं.

तू म्हणतेस त्या पदवीचं मोल मला दिसतं ते इथे. पॅनल रूममधलं ज्ञान आणि केबिनमधली सही यांच्या मध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं. त्या जागेवर बसायला बीईईची परीक्षा लागत नाही, पण केव्हीए म्हणजे काय हे न कळणाऱ्यालाही तिथे बसता येत नाही. पुढे परीक्षेचे नियम हातात आले आणि आपल्याला बसता येणार नाही हे कळलं, तेव्हा मी खूप रडले होते. नंतर एका अभियंत्यासोबत काम सुरू केलं. मोजमाप तो करतो, अहवालावर सही त्याची असते, आणि गुंतवणुकीचा भाग पूर्ण माझा.

आता अमेरिकेविषयी. तिथल्या तेलाच्या पट्ट्यात, ओक्लाहोमा-टेक्सासकडे, ही पदवी १९५०च्या दशकात सुरू झाली ती 'पेट्रोलियम लँड मॅनेजमेंट' या नावाने. त्यामागचं कारण समजून घे. तिथे जमिनीखालचं तेल बहुतेक ठिकाणी जमीनमालकाचं असतं, आणि जमीन न विकता नुसता खालचा हक्कही वेगळा विकता येतो. त्यामुळे तीन-चार पिढ्यांचे दस्त शोधून खरा मालक कोण हे ठरवणारा, त्याच्याशी भाडेपट्ट्याची आणि रॉयल्टीची बोलणी करणारा माणूस लागतो. त्याला लँडमन म्हणतात. या अभ्यासक्रमांतला मोठा भाग त्याच कामासाठी घडलेला आहे : मालमत्ता कायदा, तेल-वायूचे करार, हिशेब, थोडं भूगर्भशास्त्र.

आपल्याकडे तेलाचा हक्क सरकारचा, आणि गोव्यात तर तेलही नाही. मात्र जमिनीखालच्या मालावर कुणाचा हक्क, या प्रश्नाने काय होतं ते तुझ्या घराइतकं कुणाला ठाऊक? पोर्तुगीज काळात दिलेले खाणींचे हक्क (कन्सेशन) १९८७च्या कायद्याने रद्द होऊन त्यांचे लीज, म्हणजे भाडेपट्टे, झाले. त्याच लीजच्या नूतनीकरणावरून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये ८८ खाणपट्टे रद्द केले. बाबांचे ट्रक थांबले ते कागदावरच्या शब्दांमुळे, डोंगरात खनिज होतंच. करार वाचायला शिकवणारी पदवी म्हणून या अभ्यासक्रमाकडे पाहिलंस तर ती मला वाया जाणारी वाटत नाही. पण कुळागर विकून घेण्याइतकी? माझ्या मते नाही.

सल्लागाराला एक प्रश्न नक्की विचार : या पदवीचा सीआयपी कोड (अमेरिकेत प्रत्येक विषयाला दिलेला क्रमांक) कोणता, आणि तो अमेरिकी सरकारच्या स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या, यादीत आहे का? पदवीनंतर तिथे कामाचा अनुभव घ्यायला १२ महिने मिळतात. स्टेममध्ये असेल तर आणखी २४ महिने वाढवून मागता येतात. व्यवसाय शाखेतल्या पुष्कळ पदव्या त्या यादीत नाहीत. कर्ज काढून जाणाऱ्या मुलीसाठी एक वर्ष आणि तीन वर्षं यात फार फरक पडतो. सल्लागाराने 'बघू नंतर' म्हटलं तर तिथून ऊठ.

जमिनीला हात लावण्याआधी पर्वरीला गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या कार्यालयात बाबांना घेऊन जा आणि व्याजमुक्त शैक्षणिक कर्जाचे चालू नियम समोर बसून समजून घे. कुळागर पुन्हा उभं करायला एक पिढी जाते.

माझं मत विचारशील तर पदवी इथेच कर, साधं बीबीए किंवा बी.कॉम., आणि ऊर्जेचा विषय पदव्युत्तर पातळीवर घे. डेहराडूनच्या यूपीईएससारख्या विद्यापीठांत ऊर्जेवर एमबीए आहेत. तोवर कामाचं क्षेत्रही तुला डोळ्यांनी पाहून झालेलं असेल. विजेचा बाजार हे एक क्षेत्र. २००८पासून आपल्याकडे वीज एक्सचेंजवर विकली जाते, आता दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ भाग पाडून. दुसरं, हरित ऊर्जेची खुली खरेदी, म्हणजे वीज खात्याऐवजी बाहेरच्या उत्पादकाकडून वीज घेणं. २०२२च्या नियमांनी तिची किमान मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, म्हणजे वेर्णा-कुंडईतले मध्यम कारखाने आणि मोठी हॉटेलंही त्यात आली. बाहेरची सौर वीज घ्यायची की छतावर पॅनल टाकायचे, करार किती वर्षांचा, दर वाढला तर काय, हे सगळे प्रश्न हिशेबाचे आहेत. शिवाय २०२३मध्ये कार्बन क्रेडिटच्या (उत्सर्जन घटवल्याबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांच्या) व्यापाराची योजना अधिसूचित झाली, तिथेही नोंदी ठेवणारी माणसं लागणार.

गोव्यात 'ऊर्जा व्यवस्थापक हवा' अशी जाहिरात तुला क्वचित दिसेल. काम असतं, पण ते हिशेब, खरेदी किंवा देखभाल विभागाच्या पोटात लपलेलं असतं. ते बाहेर काढावं लागतं, जसं मी काढलं.

आणि प्रवेशाची वाट पाहत बसण्यापेक्षा या महिन्यात एक काम कर. तुमच्या सत्तरी तालुक्यात काजूचे कारखाने आहेत. ओळखीने एखाद्यात आठवडाभर जा. बिया वाफवायला बॉयलर असतो आणि त्यात बहुधा काजूचीच टरफलं जाळतात. रोज किती पोती बिया वाफवल्या, किती टरफलं जळली, विजेच्या मीटरचं सकाळचं आणि संध्याकाळचं वाचन काय, हे वहीत लिही. मग मालकाला विचार, उरलेली टरफलं काय भावाने जातात. एका पोत्यामागे इंधन किती रुपयांचं हे तुला काढता आलं आणि ते काढताना मजा वाटली, तर हा विषय तुझा आहे. कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं. वहीची पानं मला पाठव, मी तपासून देईन.

प्रश्न : मी वेर्ण्याला एका कंपनीत लेखापाल आहे, वय २९, बी.कॉम. नोकरी न सोडता या क्षेत्रात येता येईल का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : येईल, आणि तुमची जागा वाळपईच्या मुलीपेक्षा सोयीची आहे, कारण बिल तुमच्याकडे आधीच येतं. गेल्या २४ महिन्यांची बिलं काढा. प्रत्येक महिन्याची नोंदलेली मागणी, कराराची (वीज खात्याशी ठरलेली) मागणी, पॉवर फॅक्टर आणि युनिट असे चार रकाने करा, पाचव्यात त्या महिन्याचं उत्पादन भरा. उत्पादन घटलं तरी युनिट घटले नाहीत असे महिने शोधा. मग आयएसओ ५०००१ या ऊर्जा व्यवस्थापनाच्या मानकाचं प्रशिक्षण घ्या. त्याची चालू आवृत्ती २०१८ची आहे, आणि त्यातलं नोंदी व आढाव्याचं काम लेखापालाला चांगलं जमतं. पण आधी तक्ता करा आणि तो घेऊन तुमच्या देखभाल विभागातल्या माणसाकडे जा. त्याच्याकडे नाकारलेल्या मागण्यांची एक फाइल असते. ती मागून घ्या, आणि कागद वर पाठवाल तेव्हा त्याचं नाव आधी घाला.