जुन्या सचित्र अंकांचा संग्रह: बांधणी करावी का?

प्रश्न : आजोबांच्या पेटीत ‘दीपावली’, ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ यांचे १९४५ ते १९६५ या काळातले साठेक अंक सापडले. पाने पिवळी पडली आहेत आणि पिना गंजल्या आहेत. मुखपृष्ठे काढून लॅमिनेशन करावे आणि उरलेल्या अंकांची वर्षवार बांधणी करून घ्यावी, असा विचार आहे. तो योग्य ठरेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कृपया यांतले काहीही करू नका. जुन्या ग्रंथालयांत या नियतकालिकांचे बांधीव खंड आढळतात, परंतु बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची, कडा कापून सारख्या करण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. त्यामुळे मजकूर टिकला, पण अंक टिकला नाही. १९४५ साली ‘दीपावली’ सुरू करणारे दीनानाथ दलाल स्वतः चित्रकार होते. अशा अंकाचे मुखपृष्ठ वेगळे काढणे म्हणजे त्याचा प्राणच काढून घेणे होय. साबण, तेल, औषधे यांच्या जाहिरातींनाही मी तितकेच जपतो, कारण त्या काळातले घर, पेहराव आणि अक्षरलेखन त्यांच्यात जसे दिसते, तसे कथा-लेखांत क्वचितच दिसते.

लॅमिनेशन एकदा केले की ते कागदाला इजा न करता निघत नाही. सेलोटेपचा चिकट थरही काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदातले लिग्निन हे लाकडातलेच द्रव्य हवा आणि प्रकाश यांमुळे पिवळे पडते आणि आम्लामुळे कागद ठिसूळ होतो. ही प्रक्रिया उलटवता येत नाही, मात्र अंधार, कोरडी हवा आणि स्थिर तापमान मिळाल्यास ती बरीच मंदावते. म्हणून प्रत्येक अंक आम्लरहित कागदाच्या वेष्टनात घालून आडवा ठेवावा आणि एकावर एक आठ-दहांपेक्षा अधिक अंक रचू नयेत. गंजलेल्या पिना ओढून न काढता पाठीमागची टोके आधी सरळ करावीत, मग त्या हलकेच सोडवाव्यात आणि त्याच छिद्रांतून सुती दोरा ओवावा. रंगीत चित्रांच्या गुळगुळीत आर्ट पेपरला पाण्याचा थेंबही लागू देऊ नये, कारण त्यावरचा मातीचा लेप ओला झाला की पाने एकमेकांना कायमची चिकटतात. कसर लागली आहे का, हे पावसाळ्यानंतर अवश्य पाहावे. अंक उन्हात मात्र वाळवू नयेत.

प्रश्न : मुखपृष्ठांवरून दिनदर्शिका छापून विकता येईल का?

उत्तर : अंक आपल्या मालकीचा असला, तरी चित्राचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) आपल्याकडे येत नाही. भारतात तो साधारणपणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. दलालांचे निधन १९७१ साली झाले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत चालतो. तोवर हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी.