लाइक भरपूर, ऑर्डर शून्य

प्रश्न : आमचा चादरी-टॉवेलचा छोटा कारखाना आहे. इन्स्टाग्रामवर सहा पोस्ट प्रत्येकी ५०० रुपये भरून बूस्ट केल्या, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवल्या. लाइक हजारावर गेले, पण ऑर्डर एकही आली नाही. चुकलं कुठे?
– एक उत्पादक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : बहुधा पहिल्याच पायरीवर. बूस्टचं बटण दाबलं की अ‍ॅप विचारतं, लोकांना कुठे न्यायचं? प्रोफाइलवर, वेबसाइटवर की मेसेजकडे? घाईत प्रोफाइलचा पर्याय निवडला, तर जाहिरात प्रोफाइल चाळणाऱ्यांपुढे जाते आणि ते बघून, लाइक करून पुढे सरकतात. वेबसाइट नसेल तर मेसेजचा पर्याय घ्या आणि तो व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसला जोडा. ठिकाणही स्वतः भरा. सोलापूरसारख्या चादरीच्या गावातच चादरीची जाहिरात दाखवून काय मिळणार? पुणे, मुंबई, नाशिक निवडा. सहा पोस्टवर पैसे विखुरण्यापेक्षा एका चांगल्या पोस्टवर तेच ३,००० रुपये सहा दिवस लावा आणि मध्ये रोज बदल करू नका. मोठा बदल झाला की इन्स्टाग्रामची यंत्रणा गिऱ्हाईक शोधायला नव्याने सुरुवात करते.

पण ती पोस्ट मुळात चांगली हवी. 'किमतीसाठी मेसेज करा' हे वाक्य आधी काढा. किंमत दिसली नाही की माणूस महाग असेल असं धरून निघून जातो. दुकानात गिऱ्हाईक चादर हातात घेऊन वजन बघतं, पदर उलटून बघतं. मोबाइलवर ते काम तुम्ही करून दाखवायचं. चादर काट्यावर ठेवा, आकडा स्पष्ट दिसू द्या. सुलटी बाजू दाखवून झाली की उलटी दाखवा. लांबी-रुंदी इंचांत, किंमत, कुरिअरचा खर्च, परत घेण्याची अट, सगळं कॅप्शनमध्ये लिहा. फोटो ट्यूबलाइटखाली नको. त्यात मरून तपकिरी दिसतो आणि पार्सल 'रंग वेगळा आहे' म्हणून परत येतं. सकाळी खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून काढा. शेजारी पांढरा कागद ठेवा. तो पिवळा दिसला तर चादरीचा रंगही चुकलेला आहे.

मग हिशेब मांडा. ३,००० रुपयांत ६० मेसेज आले, तर एक मेसेज ५० रुपयांना पडला. त्यातल्या सहा जणांनी चादर घेतली तर एका ऑर्डरमागे ५०० रुपये. एका चादरीवर १५० रुपये सुटत असतील तर हा धंदा तोट्याचा. म्हणून जाहिरात एका नगाची नको, चार चादरींच्या संचाची करा.

प्रश्न : शेंगा चटणी विकते. दहा हजार फॉलोअर विकत घेतले, तरी रील कुणी बघत नाही. शिवाय गाजलेलं गाणं लावलेल्या दोन रीलचा आवाजच गेला.
– एक गृहउद्योजिका, जुळे सोलापूर

उत्तर : ते दहा हजार लोक चटणी खाणारे नाहीत, बरेचसे तर माणसंही नाहीत. रील आधी थोड्या लोकांना दाखवली जाते; ते थांबले नाहीत की ती पुढे जात नाही. गर्दी खोटी असेल तर थांबणार कोण? शक्य तेवढे काढून टाका. आकडा पडला तरी चालेल. आवाज गेला त्याचं कारण गाण्याचा मालकी हक्क, म्हणजे कॉपीराइट. चित्रपटगीतं धंद्याच्या खात्यावर सहसा चालत नाहीत. तुम्हाला त्याची गरजही नाही. उखळात शेंगा-लसूण-तिखट कुटतानाचा आवाज आणि तेल सुटलेली चटणी, एवढं पुरे. रील उभी, १०८० बाय १९२० पिक्सेलची. कुटणं पहिल्याच सेकंदाला सुरू व्हावं, नावाची पाटी शेवटी. पाकिटावरचा १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक, निव्वळ वजन आणि तयार केल्याची तारीख वाचता येईल असा एक फोटो प्रोफाइलवर सर्वांत वर पिन करा. अनोळखी घरून खायचं मागवताना माणूस तेच शोधतो.

प्रश्न : रोज 'शुभ सकाळ' आणि प्रत्येक सणाला दुकानाच्या लोगोसह शुभेच्छा टाकतो. पुरेसं आहे ना?
– एक कापड दुकानदार, नवी पेठ

उत्तर : नाही. असल्या शुभेच्छा लोकांकडे ढिगाने येतात. सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेसाठी पोस्ट टाकायची तर संक्रांतीच्या दिवशी नव्हे, डिसेंबरच्या मध्यापासून, आणि त्यात शुभेच्छांऐवजी माल, भाव आणि दुकानाची वेळ द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज अनेकांना एकदम पाठवायच्या यादीत) २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. तेव्हा बिल देताना गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगा, तिथेच, काउंटरवर.